उणे पंधरा अंशांची हमी आणि फोंड्याचा मे महिना: विंडमिल पामचा दोन वर्षांचा अनुभव

गोव्यात फोंड्याला आमच्या घरासमोरच्या अंगणावरून विजेची तार गेली आहे. जमिनीपासून ती साधारण अठरा फुटांवर आहे, आणि म्हणूनच तुळशी वृंदावनाच्या डाव्या हाताची जागा कित्येक वर्षे रिकामी होती. तेथे माड लावावा तर काही वर्षांतच चुडते तारेला लागणार, पोफळ लावावी तर तिची सरळसोट वाढ त्याच तारेच्या रोखाने होणार, आणि आंबा-फणसाला पुरेल एवढे अंगण आमच्याकडे नाही. माडाच्या जातीचे दिसणारे, पण आठ-दहा फुटांवर थांबणारे झाड मी शोधत होतो. अशा वेळी महामार्गालगतच्या एका रोपवाटिकेत पंख्यासारख्या गोल पानांचे एक देखणे रोप दिसले. त्याच्या चिठ्ठीवर छापले होते : ‘विंडमिल पाम. उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंत थंडी सहन करते. उंची ८ फूट. सदाहरित. जलद वाढ.’ एका रोपाची किंमत १,८५० रुपये होती. मी दोन रोपे घेतली, एक घरासाठी आणि दुसरे बेळगावला राहणाऱ्या बहिणीसाठी. हे दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातले. त्या चिठ्ठीतील प्रत्येक शब्द या काळात तपासून झाला आहे, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. रोपवाटिकेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशाच मजकुराच्या चिठ्ठ्या मी नंतर गोव्यातील इतर ठिकाणीही पाहिल्या.

प्रथम रोपवाटिकेच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलतो. रोप खरोखर विंडमिल पामचेच होते, आणि ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. पंख्याच्या आकाराच्या पानांची चार-पाच झाडे आपल्याकडे एकाच नावाने खपवली जातात. चिनी फॅन पाम, म्हणजे लिव्हिस्टोना, हे त्यांतले सर्वांत जास्त. त्याच्या कोवळ्या झाडाच्या देठावर मोठे वाकडे काटे असतात आणि पानांची टोके मधोमध दुभंगून झालरीसारखी खाली लोंबतात. वॉशिंग्टोनियाच्या देठावर करवतीसारखे दात असतात आणि पानांच्या पट्ट्यांमधून पांढरे धागे सुटलेले दिसतात. भूमध्य समुद्राकाठचा चॅमेरॉप्स एकाच बुंध्यापासून फुटवे काढत जाळी करतो. विंडमिल पामच्या देठाच्या दोन्ही कडांना मात्र इतके बारीक दात असतात की ते डोळ्यांना दिसण्याआधी बोटाला कळतात, आणि खोड धरू लागताच त्याच्याभोवती तपकिरी, केसाळ काथ्याचे वेष्टण तयार होते. आमच्या रोपाला खोड नव्हते, परंतु देठांच्या बुडाशी जाळीसारखे धागे होते आणि दातही तसेच बारीक होते. शास्त्रीय नाव ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी. विक्रेत्याला ते माहीत होते आणि त्याने ते न अडखळता सांगितले. मुळे कुंडीत गोल फिरून आवळलेली नव्हती आणि पानांवर खवले कीड नव्हती. एवढ्यावर रोपवाटिकेला पैकीच्या पैकी गुण द्यायला माझी हरकत नाही.

या नावातील फॉर्च्युनी म्हणजे रॉबर्ट फॉर्च्यून, चीनमधून चहाची रोपे हिंदुस्थानात पोचवणारा स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक. चीनच्या किनाऱ्याजवळील चुसान बेटावर त्याला ही झाडे दिसली आणि १८४९ साली त्याने काही रोपे लंडनजवळच्या क्यू उद्यानात पाठवली. त्याच्याही आधी, १८३० च्या सुमारास, फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड या जर्मन वैद्य व निसर्गअभ्यासकाने जपानहून या झाडाचे बी हॉलंडमधील लायडनला नेले होते. युरोपला या झाडाचे कौतुक का वाटले हे समजण्यासारखे आहे : बर्फ पडणाऱ्या देशात उघड्यावर उभा राहणारा ‘माड’ त्यांनी तोवर पाहिलाच नव्हता. आपल्याला दारात माड पाहण्याचे अप्रूप नाही आणि बर्फाची भीतीही नाही. तरीही चिठ्ठीचा मजकूर मात्र युरोपातला जसाच्या तसा उचललेला आहे.

आता उंचीकडे वळतो, कारण माझी खरेदी उंचीवरच ठरली होती. हे झाड आठ फुटांचे नाही. पूर्ण वाढलेला विंडमिल पाम १२ ते २० मीटर, म्हणजे सुमारे चाळीस ते पासष्ट फूट होतो. खोडाची जाडी त्या मानाने थोडी, म्हणजे काथ्या काढून टाकला तर जेमतेम २० सेंटीमीटर. परंतु वरचे वेष्टण दाट असल्याने झाड बघणाऱ्याला बरेच जाडजूड वाटते. वय वाढते तसा बुडाजवळचा काथ्या गळून पडतो आणि वरचा राहतो, त्यामुळे जुनी झाडे खाली बारीक व वर जाड दिसतात, जणू कोणी खांब उलटा रोवला आहे. देठ ६० ते १०० सेंटीमीटर लांब असतो आणि देठासह अख्खे पान १४० ते १९० सेंटीमीटर भरते. शेंड्याचा पसारा सुमारे अडीच मीटर रुंद धरावा लागतो. म्हणजे झाड आठ फुटांचे असतानाच त्याला आठ फूट रुंद जागा हवी असते, आणि हे चिठ्ठीवर कुठेच नव्हते. वृंदावनापासून पाच फुटांवर मी ते लावणार होतो. तसे केले असते तर काही वर्षांनी बायकोला तुळशीला पाणी घालताना दरवेळी बारीक दातांच्या देठांमधून वाट काढावी लागली असती.

मग आठ फूट हा आकडा आला कुठून? विक्रेत्याला मी हाच प्रश्न वर्षभराने विचारला, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की कुंडीतले झाड तेवढेच होते. त्यात तथ्य आहे. मुळांना जागा मिळाली नाही की हे झाड बरीच वर्षे लहानखुरे राहते. पण कुंडीतल्या उंचीला झाडाची उंची म्हणणे म्हणजे पिंजऱ्यातल्या पोपटाची झेप मोजण्यासारखे आहे.

‘जलद वाढ’ हा शब्दप्रयोगही असाच. पामवर्गातील झाडांच्या खोडात आंब्या-सागाप्रमाणे दरवर्षी जाडी चढवणारा थर नसतो. त्यामुळे कोवळे झाड आधी जमिनीलगत आपला बुंधा पूर्ण रुंदीचा करून घेते आणि मगच उंचीला लागते. माड लावणाऱ्या कोणालाही हे नवे नाही. पहिली काही वर्षे नुसती पाने दिसतात आणि घरातले म्हातारे ‘झाड बसलंय’ असे म्हणतात. विंडमिल पामही तसाच बसतो. एकदा खोड धरले की थंड हवेत वर्षाला फूटभर उंची मिळू शकते, परंतु रोप विकत घेणाऱ्याने पहिल्या चार-पाच वर्षांत तसे काही दिसेल अशी अपेक्षा धरू नये. (खोडाच्या याच वेगळेपणामुळे २०१६ मध्ये गोव्यात माडाला कायद्याच्या दृष्टीने ‘झाड’ म्हणावे की नाही यावर केवढे रण माजले होते, ते वाचकांना आठवत असेल. दुरुस्ती करून माड वृक्षसंरक्षण कायद्यातून वगळला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याला पुन्हा आत घेऊन राज्यवृक्षाचा मान दिला गेला. माझे मत विचाराल तर खोडात लाकूड असो वा नसो, ज्याच्या सावलीत आपण वाढलो ते झाडच.)

उणे पंधरा अंशांचा दावा मात्र खोटा नाही. जमिनीत रुजलेले, वयात आलेले विंडमिल पाम सुमारे तेवढी थंडी खरोखर सोसते, आणि खोड धरणाऱ्या पामांमध्ये इतके काटक झाड क्वचितच आढळते. याचे मर्म शेंड्यात आहे. पामच्या साऱ्या वाढीचा जीव एका कोंबात असतो. माडाचा कोंब कुजला की माड गेला, तसेच याचेही. विंडमिल पामचा हा कोंब देठांच्या बुडख्यांच्या आणि काथ्याच्या अनेक पदरांत खोल दडलेला असतो, त्यामुळे बाहेरची पाने गोठून करपली तरी आतला कोंब वाचतो आणि वसंतात नवे पान काढतो. मात्र ही ताकद जन्मजात नसते, वयाने येते. लहान रोपाला मोठ्या झाडाइतकी थंडी झेपत नाही. शिवाय शेंड्यात पाणी साचून ते गोठले तर कोरड्या थंडीपेक्षा इजा अधिक होते. म्हणजे दोन फुटांच्या रोपाच्या चिठ्ठीवर उणे १५ हा आकडा छापणे हे थंड प्रदेशातही पुरते खरे ठरणार नाही. गोव्यात तर पणजीला जानेवारीतल्या पहाटेही पारा सरासरी वीस अंशांच्या आसपासच असतो. आमच्या फोंड्याच्या बाजूला गारठा थोडा अधिक जाणवतो खरा, पण त्यासाठी अंगावर चादर पुरते.

गोव्यात विचारायचा प्रश्न उलटा आहे : हे झाड किती उकाडा सोसते? मध्य चीनपासून दक्षिणेकडे, जपानचा दक्षिण भाग, उत्तर म्यानमार आणि आपल्या ईशान्येकडच्या डोंगरांपर्यंत त्याचा पसारा आहे आणि समुद्रसपाटीपासून २,४०० मीटर उंचीपर्यंत ते वाढते. तिथे उन्हाळा असतो, पण त्यानंतर थंडीही येते. आमच्याकडे मेच्या आगेमागे दिवसा ३३ अंश आणि रात्रीही २६ अंश असे सलग आठ-दहा आठवडे जातात. रात्रीचा उकाडा जितका अधिक तितके झाडाचे श्वसन अधिक, आणि दिवसा पानांनी कमावलेले रात्री खर्ची पडते. माडाची जडणघडण या हवेसाठीच झालेली आहे, याची नाही.

प्रत्यक्षात घडले ते असे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या पहिल्या हंगामात रोपाने तीन नवी पाने काढली, गर्द हिरवी, खालून किंचित निळसर झाक असलेली, आणि आम्ही सगळे खूश होतो. मार्चपासून टोके पिवळी, मग तपकिरी झाली. एप्रिल-मेमध्ये वाढ जवळजवळ थांबली. मधले भाल्यासारखे मिटलेले पान सात आठवडे मिटलेलेच राहिले. मी कुंडी अंगणातून बाल्कांवाच्या, म्हणजे ओसरीच्या, पूर्वेकडच्या बाजूला, सकाळच्या उन्हात हलवली, तेव्हा करपणे थांबले, पण जोम आला नाही.

मग जून आला. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. येथे पावसाला दोष देणे अन्यायाचे होईल, कारण या झाडाच्या मूळ मुलखातही उन्हाळी पाऊस भरपूर असतो. दोष कुंडीचा होता. रोपवाटिकेने दिलेल्या प्लास्टिकच्या कुंडीला बुडाशी एकच छिद्र होते आणि आत जवळजवळ नुसते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेले होते, जे उन्हाळ्यात कोरडे ठाक होते आणि पावसात चिखल धरून बसते. जुलैच्या मध्यावर मिटलेले पान बुडाशी मऊ लागले. कोंब कुजण्याची ही पहिली खूण माडावरून ओळखीची होती, त्यामुळे वेळीच हात चालले. रोप काढून ते चिऱ्याची माती, नदीची वाळू आणि जुने शेणखत समभाग घालून मातीच्या मोठ्या कुंडीत, बुडाशी खापऱ्या घालून लावले, पागोळ्या पडणार नाहीत अशा वळचणीला ठेवले, आणि कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) पोफळींवर सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगासाठी फवारलेल्या बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकाचे उरलेले थोडे शेंड्यात ओतले. कोंब वाचला. भुंग्यांचा त्रास आतापर्यंत झालेला नाही, पण माडावर येणारा लाल सोंड्या भुंगा भूमध्य समुद्राकाठच्या देशांत या झाडावरही आढळला आहे. तेव्हा ज्यांच्या परसात आधीच कीड लागलेले माड आहेत त्यांनी डोळे उघडे ठेवावेत.

बहिणीकडचे रोप खरेदीच्याच दिवशी, तशाच कुंडीतून, तशाच चिठ्ठीसह बेळगावला गेले. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंच आहे आणि तिथल्या रात्री वर्षातले बरेच महिने गार असतात. तिने ते आल्याआल्या जमिनीत लावले आणि नंतर फारसे लक्षही दिले नाही. पहिल्या वर्षात आमच्या रोपाची नवी पाने पाच, तिच्या रोपाची नऊ. दुसऱ्या वर्षी आमची सहा, तिची अकरा. तिच्या झाडाच्या बुडाशी काथ्याचे वेष्टण स्पष्ट दिसू लागले आहे, तर आमचे अजून बसलेलेच आहे. दोन रोपांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. त्यातून आमचे कुंडीत आणि तिचे जमिनीत, हाही फरक आहेच. पण मार्च ते जून या काळात तिच्याकडे पाने करपली नाहीत आणि आमच्याकडे दोन्ही वर्षी करपली, एवढे डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या काथ्याबद्दल थोडे सांगावेसे वाटते, कारण कोकणी माणसाला या झाडाची खरी ओळख तिथे पटेल. चीन-जपानमध्ये शेकडो वर्षे या धाग्यांचे दोर, झाडू, पोती आणि पावसात अंगावर घ्यायचे इरल्यासारखे झगे बनवले जात. नारळाचा काथ्या फळाच्या सोडणातून येतो आणि याचा खोडावरून, एवढाच फरक. विक्रेत्याने ‘पुढे फळेही धरतील’ असे सांगितले होते. त्यावर विसंबू नये. ताडाप्रमाणे या झाडातही नर आणि मादी वेगवेगळे असतात, रोपावरून ते ओळखता येत नाही, आणि एकटे मादी झाड असले तरी जवळपास नर नसेल तर बी रुजत नाही. फळे नुसती शोभेची, मूत्रपिंडाच्या आकाराची, सेंटीमीटरभर लांब आणि पिकल्यावर निळसर काळी असतात. जिथे ती मुबलक धरतात तिथे वेगळीच डोकेदुखी आहे : दक्षिण स्वित्झर्लंडमध्ये पक्ष्यांनी बी नेऊन हे झाड रानात इतके पसरवले की २०२४ च्या सप्टेंबरपासून त्या देशात त्याच्या विक्रीवरच बंदी आली. गोव्यात तशी भीती मला वाटत नाही. येथे ते जगले तरी पुष्कळ.

रोपवाटिकेत याच झाडाशेजारी ‘हिमालयीन पाम’ नावाने आणखी एक रोप २,४०० रुपयांना होते. ट्रॅकीकार्पस टकील हा विंडमिल पामचा आपल्या देशातला भाऊबंद; कुमाऊँमध्ये पिथौरागडच्या बाजूला, सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या ओकच्या जंगलात, जिथे हिवाळ्यात बर्फ पडते, तिथला हा रहिवासी. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी याने १९०५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. लहानपणी दोन्ही रोपे इतकी सारखी असतात की नुसत्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून साडेपाचशे रुपये जास्त मोजण्यात अर्थ नाही, आणि ते रोप खरे निघाले तरी गोव्याच्या उकाड्यात त्याची गत आमच्या रोपापेक्षा बरी होईल असे मानायला जागा नाही. निलगिरीत, महाबळेश्वरात किंवा उत्तराखंडात घर असलेल्यांनी मात्र दोन्ही झाडांचा जरूर विचार करावा. जागा वाऱ्याची असेल तर विंडमिल पामचीच वॅग्नेरियानस ही लहान पानांची जात मागावी; तिचे पान जेमतेम दीड फूट रुंद आणि ताठ असते, त्यामुळे मोठ्या पानांसारख्या तिच्या वाऱ्याने चिंध्या होत नाहीत.

सेवेबद्दल. पहिल्या पावसाळ्यानंतर मी पानांची छायाचित्रे घेऊन रोपवाटिकेत गेलो. मालकाने वाद घातला नाही, पण पैसे परत देण्यास नकार दिला. ‘झाड जिवंत आहे ना?’ हा त्याचा युक्तिवाद बिनतोड होता. त्याऐवजी पुढच्या खरेदीत चारशे रुपयांची सूट देऊ केली. आठ फुटांचा आकडा खोडून टाकण्याची माझी सूचना त्याने हसून ऐकून घेतली आणि पुढच्या खेपेला गेलो तेव्हा चिठ्ठीवर ‘उंची ८ फूट (कुंडीत)’ असे पेनाने लिहिलेले दिसले. उणे १५ तसेच होते. गिऱ्हाइकाला तोच आकडा आवडतो, असे तो म्हणाला, आणि मी स्वतः त्याच आकड्याकडे पाहून ‘झाड काटक दिसतेय’ म्हटले होते, तेव्हा मला गप्प बसावे लागले.

ती सूट मी याच खेपेला वापरली. मागच्या बाजूला, हिरव्या जाळीखाली, कसलीही चिठ्ठी नसलेली लिक्युआला ग्रँडिसची रोपे होती. प्रशांत महासागरातील व्हानुआटूच्या बाजूचे हे झाड. त्याचे पान दुमडीदुमडीचे पण अखंड, जपानी पंख्यासारखे गोल असते. दमट उकाडा आणि सावली त्याला मानवते, थंडी मुळीच नाही, आणि उंची सुमारे तीन मीटरवर थांबते. किंमत १,२०० रुपये, सूट वजा जाता ८००. विंडमिल पाम या दिवाळीला बहिणीकडे आपल्या जोडीदाराशेजारी जमिनीत लावला जाईल. लिक्युआलाला या मे महिन्यात दोन पाने आली, त्यांपैकी एकही करपले नाही; कुंडी धरून त्याची उंची आज साडेतीन फूट आहे आणि तार अठरा फुटांवर.